चार बोटं माती

२६ डिसेंबर, गुरुवार

माझ्या मुलाचं, ओजसचं, वर्षश्राद्ध परवा तिथीने झालं. काल शेवटचे पाहुणे गेले. आज घर पुन्हा आम्हा दोघींचं, मी आणि माझी लेक इंद्रायणी.

मला लिहायची सवय नाही. शाळेच्या कचेरीत सत्तावीस वर्षं आवक-जावक लिहिली, तेवढंच. पण त्या कामात एक शिकले. जे झालं ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावं. आठवड्याने माणसं शब्द फिरवतात, महिन्याने तर आपण तिथे नव्हतोच म्हणतात. म्हणून ही वही.

मला ठाऊक आहे ते असं. ओजस कॉलेजच्या श्रमदान शिबिराला गेला होता. सांगोल्याकडची एक वाडी, सरकारी योजना, सात दिवस. मुलांनी गावतळं खणायचं, त्याचे गुण मिळतात. मंगळवारी गेला, पुढच्या सोमवारी शिबिर संपणार होतं. शुक्रवारी, पाच जानेवारीला, दुपारी मातीचा कडा ढासळला आणि तो खाली सापडला. चौकशीच्या कागदावर ‘अपघात, कोणाचाही दोष आढळला नाही’ एवढंच आहे. एक पान. आमच्या शाळेत खिडकीची काच फुटली तरी दोन पानं होतात.

मला पटत नाही. एक तर त्याची बॅग. घरी आली ती नीट भरलेली. कपड्यांच्या घड्या, ओला टॉवेल वेगळ्या पिशवीत, चार्जर गुंडाळून. ओजसने जन्मात घडी घातली नाही. म्हणजे बॅग कोणीतरी उपसली आणि पुन्हा भरली. काय शोधत होते? दुसरं, शिबिराचे हृषीकेश सर भेटायला आले ते दहा मिनिटं बसले आणि सगळा वेळ भिंतीवरच्या नारायणरावांच्या फोटोकडे बघत राहिले. (माझे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.) माझ्याकडे एकदाही नाही. चहा तसाच ठेवला. खरं सांगायला आलेला माणूस चहा पितो.

तक्रारअर्ज तयार आहे. तीन प्रती. तारीख आणि सही बाकी. त्यात नाव एकच, हृषीकेश सरांचं. अर्ज गेला की त्यांची नोकरी राहील असं वाटत नाही. पण पुराव्याशिवाय अर्ज म्हणजे रद्दी, हे मला कोणी शिकवायला नको.

३० डिसेंबर, सोमवार

कॉलेजात जाऊन आले. यंदाचं शिबिर त्याच वाडीत आहे, तळ्याचं राहिलेलं काम पुरं करायला. सहा ते बारा जानेवारी. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत मुलं परत हवीत म्हणून तारखा अलीकडे घेतल्या, असं शिपायाने सांगितलं.

सरांना म्हटलं, मला यायचं आहे. मुलींबरोबर राहीन, जमेल ते काम करीन.

मला वाटलं होतं नियम सांगतील. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “या ताई. तुम्ही यावं असं मला वाटतच होतं.”

इतक्या सहज हो कोण म्हणतं? मी तिथे काय शोधणार हे त्यांना कळलंय, आणि शोधण्यासारखं काही उरलेलं नाही याची त्यांनी आधीच खात्री करून घेतली असणार.

५ जानेवारी, रविवार

बॅग भरली. अर्ज प्लास्टिकच्या फाइलमध्ये, कपड्यांच्या खाली.

इंद्रायणी सकाळपासून मागे मागे. “आई, जाऊन काय मिळणार आहे तुला? उलट त्रास करून घेशील.”

“जे झालं ते कळेल.”

“कळून काय होणार?”

मी तिच्याकडे पाहिलं तर ती गॅसकडे वळली. ओजसच्या शेवटच्या आठवड्याचा विषय निघाला की ही अशीच उठून जाते. वर्षभर पाहतेय.

मागच्या वर्षी या तारखेला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी इंद्रायणीला बघायला बार्शीचे लोक यायचे होते, अचानक ठरलं होतं. ओजसलाही मी कळवलं होतं. पोह्यांसाठी शेंगदाणे भाजत होते तेव्हा कॉलेजचा फोन आला. ओजसशी माझं बोलणं गुरुवारी झालं होतं तेच शेवटचं. नेहमीचंच बोलणं. तब्येत ठीक होती, कशाची तक्रार नव्हती.

बार्शीच्या लोकांनी पुढे काही कळवलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी अकरा वाजता वाडीत पोचलो. दोन्ही बाजूंना कमरेएवढी ज्वारी, मग माळ, मग मेंढ्या. मुली शाळेच्या एका खोलीत, मी त्यांच्यातच. सगळ्या मला काकू म्हणतात. मी कोण ते जुन्या मुलांना माहीत आहे, नव्यांना त्यांनी सांगितलेलं दिसतं. मी गेले की आवाज खाली येतात.

दुपारी बिरुदेवांनी काम समजावून सांगितलं. वाडीतलेच, पंचेचाळिशीचे, मेंढ्या आणि थोडी शेती. गेल्या वर्षीही खणायचं यांनीच शिकवलं होतं. तळ्याच्या कोरड्या पात्रात दोरी लावून चौकोन आखलेत, प्रत्येक गटाला एक. सहा फूट खाली जायचं. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा. ते त्याला खुंट म्हणतात. भोवतीची माती खाली जाते, खुंट तेवढा उंच दिसायला लागतो. काठी लावून खुंट मोजला की किती खणलं ते कळतं.

“माप झाल्याबिगर खुंटाला हात लावायचा न्हाय,” बिरुदेव म्हणाले. “माप झालं, वहीत चढलं, मग पाडायचा.”

एका मुलाने विचारलं, “काका, खुंटावर गुपचूप चार पाट्या माती टाकली तर? माप वाढंल की.”

“टाक की. म्या वरचं गवात बघतो. तुज्या डोस्क्यावर उगवलंय तसलं जुनं गवात दिसलं पायजे. न्हाय दिसलं तर तुलाच खुंट म्हनून हुबा करतो.”

सगळे हसले. मीही हसले असेन, कारण बिरुदेवांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली.

पश्चिमेच्या टोकाला एका चौकोनाभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आहे. कोणी सांगायची गरज पडली नाही.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी सहालाच उठून तिकडे गेले. फांद्या बाजूला केल्या. खड्डा बुजवलेला नाही. एका बाजूचा कडा पडलेला, माती हलवून वर काढलेली. बाकी तीन बाजू सरळ. मधे खुंट उभाच आहे. वर गवत वाळलंय.

बिरुदेवांची मापाची काठी तिथेच कडेला पडली होती. बांबूची, फुटाफुटावर खाचा. उतरून खुंटाला लावली. सहाव्या खाचेला चार बोटं कमी. दोनदा लावली. चारच.

हे मला विचित्र वाटलं. गेल्या वर्षी त्या शुक्रवारी काम थांबलं तेव्हा बाकीचा एकही गट पाच फुटांच्या पुढे गेला नव्हता. मग या गटाचं शुक्रवारीच एवढं कसं झालं? माझा अंदाज असा की सरांनी या मुलांना जास्त राबवलं. वरच्या कोणाला तरी पुरा झालेला एक खड्डा दाखवायचा असणार.

परत आले तर कडेला एक म्हातारी बसली होती. कपाळभर भंडारा, हातात काठी, पुढ्यात कोकरू. बिरुदेवांची आई, केराबाई.

“वजसची आई व्हय? बस की बाई.”

बसले. म्हणाली, “लई बोलका पोरगा. रोज ह्या कडंला येऊन माज्या मेंढरांची नावं इचारायचा. आज्जी, समद्या सारक्याच दिसत्यात, तुला कशा वळकतात? म्या म्हनलं, तुज्या कालेजातली पोरं बी मला समदी सारकीच दिसत्यात की.”

“खड्डा बुजवला का नाही?”

“माप व्हायचं ऱ्हायलंय न्हवं,” ती म्हणाली. इतकंच.

पूनम ही बिरुदेवांची मुलगी, सोलापुरात त्याच कॉलेजात शिकते. ओजसच्याच गटात होती. आज दिवसभरात मी तीनदा तिच्या बाजूला गेले. तिन्ही वेळा तिने पाटी उचलली आणि दुसऱ्या टोकाला गेली.

८ जानेवारी, बुधवार

हात सोलले. टिकाव मला उचलत नाही, मी पाट्या भरते. नंतर सरांना म्हटलं, लिहायचं काम द्या, ते मला येतं. त्यांनी मापवही दिली. रोज कामानंतर गटप्रमुखाने आपल्या गटाचं माप त्यात लिहायचं, सरांनी खाली सही करायची.

वही गेल्या वर्षीचीच आहे. पुढची पानं कोरी होती म्हणून तीच वापरतात. मागची पानं उलटली. दोन जानेवारी आहे, तीन आहे. गट तीनच्या मापाखाली ओजसचं अक्षर. चार जानेवारी, गुरुवार, नाही. पान फाडलंय. शिलाईपाशी बोटभर कागद राहिलाय.

मी तिथेच सरांना विचारलं. “हे पान?”

ते हातातली वही घ्यायला पुढे झाले, मी दिली नाही.

“जुनी वही आहे. फाटलं असेल,” ते म्हणाले. मग वहीकडे बघत, “नाही. मी फाडलं.”

“का?”

“ताई, तुम्ही अर्ज आणलाय ना? द्या तो. मी त्यावर माझा जबाब लिहून देतो. देखरेख माझी होती, चूक माझी.”

अर्जाचं मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त इंद्रायणीला माहीत आहे. म्हणजे तिने यांना फोन केला. माझ्या पोटच्या मुलीने, माझ्या पाठीमागे.

आणि चूक कबूल करून पान मात्र न देणारा माणूस काय लपवतो? चुकीपेक्षा मोठं काहीतरी.

संध्याकाळी केराबाईंकडे गेले. विचारलं, शेवटच्या दिवशी तुम्ही कडेलाच होता म्हणे. काही बोलला का तो?

“काय न्हाय बाई. मला ऐकू कमी येतं.”

जरा वेळाने पलीकडच्या बांधामागे कोकरू ओरडलं. ते तिला आधी ऐकू आलं, मला नंतर.

हे सगळे मिळालेले आहेत. सर, ही म्हातारी, ती पोरगी, आणि माझं घरसुद्धा.

९ जानेवारी, गुरुवार

आज एक प्रकार झाला तो जसाच्या तसा लिहिते.

सकाळी चहाच्या वेळी सिद्धेश्वरी सरांकडे गेली. या वर्षीचीच मुलगी, पहिल्यांदा आलेली, गट दोनची प्रमुख. तिचे वडील यात्रेच्या मिरवणुकीत उंच, जड नंदीध्वज पेलतात. म्हणाली, “सर, आमचं माप उद्या पुरं होतंय. आमच्या गटाला शनिवारी सकाळी सोडाल का? घरी नंदीध्वजाचा सराव चाललाय. पप्पांच्या पाठीला या वर्षी पट्टा लागलाय, मम्मी एकटी आहे.”

“नाही,” सर म्हणाले.

“सर, माप पुरं करूनच जाणार. आम्ही जास्त वेळ...”

“माप गेलं खड्ड्यात! कोणी लवकर जाणार नाही. रविवारी सगळे एका गाडीने.”

या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. पाठीमागे एक मुलगा फिसकन हसला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाला. सगळेच माझ्याकडे पाहत होते. नवी मुलं नाहीत, गेल्या वर्षीची. पूनमने तर कप खाली ठेवला आणि निघूनच गेली.

माझ्याकडे का पाहायचं? मी काही बोलले नव्हते.

माझ्या मते सरांना मुलं कमी झालेली परवडत नाहीत, रविवारी कोणी साहेब पाहायला येणार असेल. पण मग माझ्याकडे पाहण्याचं कारण काय, ते अजून लागत नाही.

इंद्रायणीचा फोन आला, मी उचलला नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

दुपारी जेवायची सुट्टी झाली. मुलं वर गेली. मी पाण्याची कळशी घेऊन येत होते तर गट दोनच्या खड्ड्यातून टिकावाचा आवाज. डोकावले. सिद्धेश्वरी एकटी, गुडघ्यावर बसून कडा खालून पोखरत होती. हातभर आत गेली होती. वरची माती तिच्या डोक्यावर छपरासारखी.

“बाहेर ये,” मी म्हटलं.

“काकू, दोन मिनिटं. खालून असं काढलं ना, की वरची आपोआप खाली येते. निम्म्या वेळात काम. माप पुरं करून दाखवलं की सर सोडतीलच.”

“कोणी शिकवलं हे?”

“कोणी कशाला शिकवायला पायजे? दिसतंच की.”

मी कळशी टाकून खाली उतरले, तिचं मनगट धरून ओढलं. ती चिडली, हात दुखला म्हणाली. मी सोडला नाही. वर येईपर्यंत सोडला नाही. माझ्या ओरडण्याने सगळे धावत आले होते. मी ओरडले हे मला आठवत नाही.

बिरुदेवांनी सगळ्यांना मागे सारलं. पहार घेऊन वरून, लांब उभं राहून, कड्यात दोनदा घातली. पूर्ण कडा बसला. सिद्धेश्वरीची पाण्याची बाटली खाली होती, ती दिसेनाशी झाली.

आवाज मोठा झाला नाही. ज्वारीचं पोतं खाली ठेवावं तेवढाच. मी वर्षभर मोठा आवाज ऐकत होते.

सिद्धेश्वरी रडायला लागली. सर कडेला खाली बसले. दोन्ही हात डोक्यावर. त्यांना मी तसंच सोडलं आणि पूनमला गाठलं. कुंपणापाशी उभी होती, या वेळी गेली नाही. केराबाई तिथेच होती.

“ओजसनेही असंच केलं का?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“बाकीचे जेवायला गेले आणि तो एकटा थांबला?”

“व्हय काकू. तुमी व्हा म्होरं, म्हनला. एवढं उरकून येतो. आज्जीनं बी सांगितलं हुतं त्याला, भित्ताडाखालनं खनू नगंस म्हनून.”

“त्याची बॅग कोणी भरली?”

“त्यानंच की. शुक्रवारी सकाळी. म्या हासले त्याला, लई घड्या घालतुयास म्हनून. तर म्हनला...”

“पूनम,” केराबाई म्हणाली, “पानी आन जा.”

पूनम गेली. कळशी माझ्याच हातातून पडली होती, ती घेऊन गेली. काय म्हणाला ते मी विचारलं नाही.

बॅग त्याने भरली होती. शुक्रवारी सकाळी. शिबिर सोमवारपर्यंत होतं.

आज एवढंच.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी सरांना म्हटलं, मला ते पान हवंय.

“जाळलं.”

“खरं?”

“नाही,” ते म्हणाले. पाकीट काढलं. त्यात पान चार घड्या घातलेलं होतं, घडीवर फाटायला आलेलं.

त्यावरचं जसंच्या तसं:

‘गट ३. आजचे माप ४ फूट २ इंच. उद्या आमच्या गटाचे माप पूर्ण झाल्यास मला शनिवारी सकाळच्या एसटीने सोलापूरला जाण्याची परवानगी मिळावी. घरी महत्त्वाचे काम आहे. आईने बोलावले आहे. — ओजस’

खाली सरांच्या अक्षरात: ‘माप पूर्ण झाल्यास हरकत नाही.’ सही.

“मला नुसतं जा म्हणता आलं असतं,” सर म्हणाले. “मी मापाची अट घातली. बाकीची मुलं मागे लागतील म्हणून. आणि दुपारी मी तिथे नव्हतो, स्वयंपाकाचं बघत होतो.”

“पान का फाडलंत? तुमची सही आहे म्हणून?”

त्यांनी पाकीट मिटून खिशात ठेवलं. “त्या दिवशी संध्याकाळी फाडलं तेव्हा त्यासाठीच फाडलं असेल. घाबरलो होतो. मग तुमच्या घरी आलो आणि ठरवलं, हे तुम्हाला कधीच दाखवायचं नाही.”

खरं कोणतं ते मी ठरवू शकत नाही. दोन्ही असेल.

“इंद्रायणीला माहीत आहे?”

“हो. गुरुवारी तुमचा ओजसशी फोन झाला तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती म्हणे. तिने सगळं ऐकलं होतं. मी पानाचं सांगितलं तेव्हा ती मला म्हणाली, आईला अर्ज देऊ द्या सर, ते पान तेवढं दाखवू नका.”

आता गुरुवारच्या फोनबद्दल. पाच तारखेला मी याच वहीत ‘नेहमीचंच बोलणं’ असं लिहिलं आहे. ते बरोबर नाही. खाली दुरुस्ती.

मी म्हटलं, शनिवारी ये. तो म्हणाला, आई, शिबिर सोमवारपर्यंत आहे, सर सोडायचे नाहीत. मी म्हटलं, बाबा नाहीत, पाहुण्यांसमोर घरात एक पुरुष माणूस नको? तो म्हणाला, ताईला सांग ना, ती समजून घेईल. मी म्हटलं, “ती घेईल. मी घेणार नाही.”

 तो म्हणाला, “बरं. बघतो काहीतरी.”

फोन अकरा मिनिटांचा आहे, मोबाइलवर नोंद आहे. पहिली दहा मिनिटं तो इथल्या मेंढ्यांचं काही सांगत होता. मी ऐकत नव्हते. वाट पाहत होते, हा कधी थांबतो.

१२ जानेवारी, रविवार

पहाटे अर्ज पुन्हा लिहिला, हाताने. जुन्या तिन्ही प्रती चुलीत घातल्या. नव्यात जे झालं ते क्रमाने. गुरुवारी आईने फोनवरून शनिवारी घरी येण्याचा हट्ट धरला. गुरुवारी संध्याकाळी मुलाने परवानगी मागितली, सरांनी मापाच्या अटीवर दिली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत देखरेखीला कोणी नव्हतं. मुलाने कडा खालून पोखरला. मागण्या दोनच. कडे उतरते ठेवल्याशिवाय तीन फुटांच्या खाली कोणालाही उतरवू नये. आणि माप पुरं करण्याच्या बदल्यात कोणाला घरी सोडू नये. ज्याला जायचं त्याला असंच सोडावं. सोबत: मापवहीचं एक पान.

सरांनी उभ्याने वाचला. “तुमचा फोन यात कशाला ताई?”

“जे झालं ते.”

त्यांनी खाली ‘मजकूर बरोबर आहे’ असं लिहून सही केली. यातून त्यांचं काय होईल ते मला सांगता येत नाही. त्यांनीही विचारलं नाही. सिद्धेश्वरीला मात्र त्यांनी काल दुपारीच बसस्टँडवर नेऊन गाडीत बसवून दिलं. तिच्या गटाचं माप अजून दीड फूट कमी आहे.

सकाळी आठला मी बिरुदेवांना म्हटलं, ती चार बोटं काढायची का?

ते पहार घेऊन आले. आधी तिन्ही कडे वरून उतरते केले, त्यालाच तास गेला. मग पूनम आणि मी उतरलो. ती टिकाव मारायची, मी पाटी भरायची, वर मुलं ओळीने उभी होती ती हातोहात पुढे द्यायची. केराबाई कडेला बसून ओरडत होती, “सावकास. कुटं जायचंय तुमाला? गाडी थांबत्या की.”

मधे एकदा मी तिला विचारलं, “तुम्ही माझ्याशी का बोलला नाहीत?”

“काय बोलू? मेलेल्या कोकराची मेंढी असती तिला काय सांगत्यात व्हय, कसं मेलं ते.”

साडेदहाला सरांनी काठी लावली. सहा फूट. वही माझ्याकडे होती. मी लिहिलं: ‘गट ३. सहा फूट. पूर्ण.’ गटप्रमुखाच्या नावापुढे ओजस लिहिलं. सरांनी खाली सही केली.

बिरुदेवांनी पहार माझ्यापुढे धरली. मला एकटीला पेलेना. पूनमने मागून हात लावला. तिसऱ्या घावाला खुंट आडवा झाला. वरचं वाळलेलं गवत केराबाईंच्या कोकराने येऊन खाल्लं आणि मुलं हसली. त्यांना हसू द्यायला हरकत नव्हती.

हात धूत होते तेव्हा इंद्रायणीचा फोन आला. आज उचलला.

“आई, निघालात का? लवकर ये ना. मी जेवायची थांबलेय.”

“तू जेवून घे. इथलं सगळ्यांचं आवरलं की निघू.”